मुकुटाच्या वाटेवर काँक्रीट

८ जून, रविवार. जेवणानंतर.

नतालिया, आधी तारीख लिही. हे मला पुढे वाचून दाखवणारी तूच, आणि तुझी आठवण मला चांगली ठाऊक आहे. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारी बाई तू. गेल्या वर्षी कुंपणाला हिरवा रंग ठरला होता. "असं कधी ठरलं, आई?" म्हणालीस, आणि आज कुंपण तपकिरी आहे. म्हणून यापुढे मी जे ठरवीन ते वहीत. मला अक्षरं येत नाहीत, पण वही कुठल्या खणात आहे ते येतं.

तर आजची गोष्ट. चिठ्ठी निघाली. माझ्या नावाची.

ईस्टरनंतरचे सात आठवडे, सात घरं. दर रविवारी पवित्र आत्म्याचा मुकुट एका घरातून निघतो आणि मिरवणुकीनं दुसऱ्या घरी जातो. पुढल्या वर्षी सातवं घर माझं. ग्वाल्टेरनं, माझ्या नवऱ्यानं, एक्केचाळीस वर्षं चिठ्ठी टाकली. एकदाही निघाली नाही. तो गेल्यावर मी टाकत राहिले, अकरा वर्षं. आज उत्सवाचा प्रमुख दिओदातो माइकवर ओरडला, "इदालिना बेटनकोर!" आणि आमच्या बेटावरच्या लोकांच्या क्लबाचा सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी रडले नाही.

"रडले नाही" असंच लिही.

संकल्प पहिला: मुकुट मी स्वतः वाहणार. रस्त्यापासून माझ्या दारापर्यंत. दोन्ही हातांत चांदीचं ताट, ताटावर मुकुट, मुकुटावर चांदीचं कबुतर. नजर कबुतरावर. खाली बघायचं नाही. मुकुट हातात घेऊन जी पायाशी बघत चालते, तिचं सगळं ध्यान चपलेत आहे असं आमच्यात म्हणतात. म्हणजे मीच म्हणते, पण पुष्कळ वर्षांपासून.

अडचण: आमचा ड्राइव्हवे. ग्वाल्टेरनं पंचाहत्तर साली टाकलेला. आता त्याचे अकरा तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचं मत आहे. गाडीतून उतरून दारापर्यंत मी दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी येते, मान खाली. वय एक्याऐंशी, एक गुडघा नवा, एक जुना, दोघांचं आपसांत जमत नाही.

संकल्प दुसरा: नवा ड्राइव्हवे. माझ्यानंतरही पन्नास वर्षं टिकेल असा.

१५ जून, रविवार.

शेजारचा ओरेस्ट कुंपणावर कोपर टेकून उभा. युक्रेनियन, ब्याऐंशीचा, बायको जाऊन सहा वर्षं झाली. न विचारता सल्ला देणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा धंदा. माझ्या ड्राइव्हवेचं त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही. नतालिया, मान वर कर.

म्हणाला, बाई, ही विनिपेगची चिकणमाती आहे. पाणी पिते, थंडीत गोठते, फुगते आणि वर जे असेल ते उचलून धरते. दोन फूट खणा, माती काढून टाका, खडी भरा, थरावर थर दाबा, मग काँक्रीट. मी म्हटलं, फुगणारं सगळं घराबाहेर काढायचं ठरवलं तर आधी माझ्या सुनेला काढावं लागेल.

नतालियानं पेन खाली ठेवलं. उचल ग. गंमत होती ती.

ओरेस्टचा स्वतःचा ड्राइव्हवे बावीस हिवाळे जुना. त्यात त्यानं आडव्या चिरा पाडून घेतल्या आहेत, मापून, सारख्या अंतरावर. म्हणे, काँक्रीटला तडकायचंच असतं, आपण त्याला तडकायची जागा नेमून द्यायची. मी म्हटलं, माझ्या काँक्रीटला तडकायचं नाही.

खरं सांगायचं तर त्याचा ड्राइव्हवे बरा आहे. हे लिहू नकोस. लिहिलंस? खोड. रेघ मारलेली दिसली पाहिजे. रेघ मला कळते.

२१ जून, शनिवार.

वाल्देमारला बोलावलं. माझ्या मुलाचा धर्मपिता, एकोणऐंशीचा, डाव्या कानानं ऐकत नाही आणि उजव्यानं ऐकून घेत नाही. आम्ही जिथून इथं आलो त्या साओ मिगेल बेटावर आमच्या गावच्या चर्चच्या पायऱ्या त्यानंच बसवल्या, साठ वर्षांपूर्वी. अजून एक दगड हललेला नाही. आता याच्यापुढे ओरेस्टची काय टाप!

नतालिया म्हणते, पण वाल्देमारकाकांनी इथं आल्यापासून पस्तीस वर्षं बेकरीत काढली. काढली. मग? हात तोच आहे.

ओरेस्टनं कुंपणापलीकडून विचारलं, तुमच्या बेटावर हिवाळा कसा असतो? वाल्देमारनं बराच विचार केला. म्हणाला, एकदा आंघोळीचं पाणी जरा गार लागलं होतं.

ठरलेल्या गोष्टी. एक: एक वीत खणायचं. दोन फूट खणायचं तर त्यात मलाच ठेवा. दोन: उतार नको. ताटात मुकुट आहे, तो एका बाजूला कलता कामा नये. जमीन टेबलासारखी हवी. तीन: चिरा नकोत. मेजावरचा नवाकोरा कपडा कुणी आपण होऊन कात्रीनं कापतं का?

काम जुलैत.

२० जुलै, रविवार.

डास. जुलैत कुणी काम करतं का?

३१ ऑगस्ट, रविवार.

वाल्देमारचे टोमॅटो पिकले. एकदा टोमॅटो पिकले की माणूस टोमॅटोचा. सॉसच्या बाटल्या भरून होईपर्यंत त्याला काही विचारायचं नाही.

माझ्या पाठीमागे नतालियानं एका कंपनीचा माणूस आणला. तरणा, हातात टॅब, बूट स्वच्छ. म्हणाला, दोन फूट खणू, खडी भरू, रस्त्याकडे उतार ठेवू, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत करून टाकू म्हणजे थंडीआधी काँक्रीट मुरेल. अगदी ओरेस्टचे शब्द. दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतंय. शिवाय स्वच्छ बुटांच्या गवंड्यावर माझा विश्वास नाही. कॉफी दिली आणि परत पाठवलं.

२७ सप्टेंबर, शनिवार.

फोडलं! वाल्देमार आणि क्लबातले तीन म्हातारे. चौघांचं वय मिळवलं तर तीनशेच्या वर जातं आणि पहार एकच. दुपारपर्यंत तुकडे निघाले. ग्वाल्टेरच्या काँक्रीटखाली काहीच नव्हतं, नुसती काळी माती. त्यानंही खणलं नव्हतं. आणि तरी पन्नास वर्षं चाललं की! नतालिया म्हणते, चाललं नाही आई, तुकडे झाले. झाले, पण जागेवरच होते ना?

एक वीत खणलं, वाळू पसरली, धुम्मस मारला. ओरेस्ट एक लोखंडी सळई घेऊन आला, कडेच्या मातीत टोचली. लोण्यात सुरी जावी तशी गेली. माझ्याकडे बघितलं, सळई पुसली, गेला. बोलला असता तर उत्तर तयार होतं. न बोलता जाणाऱ्या माणसाला काय सांगणार?

११ ऑक्टोबर, शनिवार.

आज काँक्रीट पडलं. नीट लिही, सगळं लिही, हा दिवस पुढच्या पिढ्या विचारतील.

सकाळी नऊला ट्रक. ड्रायव्हर म्हणाला, पाणी वाढवू नका, कमजोर होतं. वाल्देमारनं खोऱ्याच्या टोकानं चाचपलं. म्हणाला, पीठ घट्ट आहे. बागेचा पाइप लावला. ड्रायव्हरनं कागदावर त्याची सही घेतली की पाणी यांनीच घातलं म्हणून. केवढा मान!

मग चौघे म्हातारे गुडघ्यावर बसून थापी फिरवत होते आणि मी खुर्चीवरून सांगत होते, तिकडे डावीकडे, तिकडे खड्डा, दिसत नाही का. वाल्देमारनं एकदा वर बघून विचारलं, इदालिना, तुला थापी देऊ की तोंडाला कुलूप? क्लबातले तिघे इतके हसले की एकाचा तळवा ओल्या काँक्रीटात उमटला. तो मिटवायला अर्धा तास.

ओरेस्ट कुंपणावरून: हवेचे बारीक बुडबुडे असलेलं मागवलंत ना? थंडीच्या मुलखात तेच लागतं, गोठलेल्या पाण्याला आत फुगायला जागा मिळते. मी म्हटलं, आम्ही काँक्रीट मागवलंय, सोडावॉटर नाही.

नंतर वाल्देमारला हळूच विचारलं, कुठलं मागवलंस? म्हणाला, साधं. तळघरात घालतात ते.

असो. सगळ्यांना कॉड मासा आणि बटाटे. तिघांनी दुसऱ्यांदा घेतले. टेबलासारखं सपाट झालंय. दोन्ही टोकांना पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी, लावून बघितली, बुडबुडा बरोबर मध्ये. मी खुर्चीतून उठून त्या बुडबुड्याचं चुंबन घेतलं. वाल्देमार म्हणाला, चुंबन मला द्यायला हवं होतं, काम मी केलंय. त्याची बायको तिथंच उभी होती, म्हणून पुढचं लिहीत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार.

पहिला बर्फ. झाडून घेतला. खाली माझा ड्राइव्हवे, राखाडी, गुळगुळीत, एक रेघ नाही. शेजारी ओरेस्टचा, चिराच चिरा. आज चर्चमध्ये चौघीजणींना सांगितलं.

सराव केला. ओव्हनचं ताट घेतलं, त्यावर उपडं पातेलं, पातेल्यावर लिंबू. लिंबू म्हणजे कबुतर. नजर लिंबावर. रस्त्यापासून दारापर्यंत चालत आले. लिंबू हललंसुद्धा नाही. ओरेस्ट खिडकीत होता. त्यानं टोपी काढली. थट्टेनं काढली असेल, पण काढली.

२३ नोव्हेंबर, रविवार.

सकाळी पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. माझा ड्राइव्हवे सपाट असल्यामुळे पाणी कुठेही गेलं नाही, पाहुण्यासारखं बसून राहिलं. दुपारी आरसा. पोस्टमन आला, म्हणजे यायला निघाला, आणि बसला.

उपाय माझ्याकडे होता. तळघरात जाड मिठाचं पोतं आहे, डुकराचं मांस मुरवायला आणतो ते. दोन बादल्या भरून पसरलं. ओरेस्ट धावत आला, त्याच्या वयात त्याला धावणं म्हणतात. म्हणाला, मीठ नको, नव्या काँक्रीटला पहिल्या हिवाळ्यात मीठ नकोच, वाळू टाका, माझ्याकडे आहे. कॉफीचा डबा भरून वाळू पुढे केली.

मी म्हटलं, ओरेस्ट, मी साठ वर्षं मासा मिठात ठेवते, मांस मिठात ठेवते, ऑलिव्ह मिठात ठेवते. मिठानं काही खराब झाल्याचं अजून ऐकलं नाही. टिकतं ते मिठानंच टिकतं. तो म्हणाला, बाई, तुम्हाला याचं पुढे काय करायचंय, यावर चालायचंय की हे खायचंय?

त्याची वाळू डब्यासकट परत केली.

बर्फ वितळला. दोन्ही बादल्या सार्थकी. उद्यापासून रोज एक.

१८ जानेवारी, रविवार.

उणे चौतीस. मुलगा ट्रक घेऊन थंडर बेला अडकलाय. आज सकाळी कॉफी पिताना बाहेरून आवाज आला. ठक्. फळीवर कुणी हातोडा मारावा तसा. नतालियानं विचारलं, आई, हा कसला आवाज? मी म्हटलं, झाड. आमच्या अंगणात झाड नाही.

वर दोन वीत बर्फ आहे, त्यामुळे काय झालं ते दिसत नाही. न दिसणारी काळजी करायची नाही, असा नवा संकल्प.

दुपारी परत. ठक्.

१५ मार्च, रविवार.

बर्फ ओसरतोय. काँक्रीटचं वरचं कातडं निघालंय. कांद्यासारखे पापुद्रे, पायानं सरकवले की सुटतात. खालून खडे डोकावतात. दाराजवळ, जिथं मी मीठ हात सैल सोडून टाकलं होतं, तिथं जास्त.

कारण: बर्फ काढणाऱ्याचं फावडं. नक्की तेच. बर्फ नतालिया काढते. मी काही म्हणत नाही. नुसतं लिही.

नतालिया म्हणते, मीठ. वाल्देमारला फोन केला. तो म्हणाला, वरची साल गेली तर काय बिघडलं, पावाचीही मुलं साल काढून खातात. मला त्याचं पटलं. नतालियाला नाही. वहीत दोघांची मतं आली.

१२ एप्रिल, रविवार.

ईस्टर होऊन आठवडा. मुकुट दुसऱ्या घरी पोचला. माझ्याकडे यायला पाच आठवडे.

ड्राइव्हवेबद्दल. मधोमध तडा आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वाकडातिकडा, नदीसारखा. जानेवारीत मी ज्याला झाड म्हटलं तो आवाज याचाच. पण तड्याचं मला काही नाही. तड्याच्या घराकडच्या बाजूनं काँक्रीट उठलंय. चार बोटं. मोजली, माझी चार बोटं. तिथं आता पायरी आहे. आणि उरलेला तुकडा घराकडे कललाय, म्हणजे वितळलेलं पाणी रस्त्याकडे न जाता दारात येतं. आज त्या डबक्यात बदकांची जोडी उतरली. ओरेस्टनं त्यांना पाव टाकला. माझ्या अंगणात, माझ्या बदकांना!

ओरेस्ट म्हणाला, माती अजून खालून गोठलेली आहे, मेमध्ये थोडं खाली बसेल. मी म्हटलं, मग झालं. तो म्हणाला, सगळीकडे सारखं बसत नाही, बाई.

सराव. ताट, पातेलं, लिंबू. नजर लिंबावर. चौदाव्या पावलाला बूट अडला. लिंबू गेलं, पातेलं गेलं, मी गेले नाही, नतालियानं मागून कोट धरला होता. तिला मी सांगितलं नव्हतं मागून ये म्हणून.

पातेल्याला खोक पडली. मुकुट चांदीचा आहे, बेटावरून आणलेला, शंभर वर्षांहून जुना.

आज एवढंच.

२६ एप्रिल, रविवार.

थोडं बसलंय. चाराची तीन बोटं झाली. दोनदा मोजली, एकदा जाड बोटांनी.

दोष कुणाचा ते एकदा लिहून ठेवू. वाल्देमारचा, साधं काँक्रीट मागवलं म्हणून. ट्रकवाल्याचा, त्यानं पाणी घालू दिलं म्हणून. ओरेस्टचा, त्याच्याकडचं पाणी माझ्याकडे येतं म्हणून. नतालिया म्हणते, त्यांचं पाणी रस्त्याकडे जातं, आई, त्यांना उतार आहे. बरं, मग ओरेस्टचा या कारणासाठी की त्यानं नीट समजावून सांगितलं नाही. मॅनिटोबाचा, इथं सहा फूट खोल गोठतं. देवाचा नको, मुकुट यायचाय.

माझा? जागा उरली नाही या पानावर.

वाल्देमार बघायला आला. तड्याजवळ उभा राहिला, टोपी काढली, मयताला आल्यासारखी. बुटानं एक पापुद्रा सरकवला. मग म्हणाला, इदालिना, चर्चच्या पायऱ्यांखाली लाव्ह्याचा दगड होता. माझा हात नव्हता तो, दगड होता.

त्याला आत नेलं, वाइन दिली. त्याला रडू येत होतं. मला नाही. मला फक्त एवढं वाटत होतं की ग्वाल्टेर एक्केचाळीस वर्षं दर जूनमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून त्या हॉलमध्ये बसायचा आणि घरी येताना म्हणायचा, पुढल्या वर्षी. आता ते पुढलं वर्ष आलं आणि मी त्याच्या दारात पायरी बांधून ठेवली.

नतालियानं सुचवलं, मुकुट क्लबाच्या हॉलमध्ये ठेवू, लोक तिथंच येतील. नाही. हॉलला मी चिठ्ठी टाकली नव्हती.

९ मे, शनिवार.

सुचलं! मला सुचणारच होतं.

भुसा. बेटावर मिरवणुकीच्या वाटेवर रंगवलेल्या भुशाचा गालिचा घालतात, फुलांसकट. तसाच घालायचा. तड्याच्या अलीकडे भुसा जाड, पलीकडे पातळ. तीन बोटांची पायरी लाल भुशाखाली उतार होऊन जाईल. डबक्यावर हिरवा भुसा, तो पाणी पिऊन घेईल. लोक म्हणतील, इदालिनानं गालिचा घातला, केवढी भक्ती! आणि मला कळेल खाली काय आहे ते, मी चौदाव्या पावलाला पाय उचलीन. चौदा. पाठ करतेय.

लाकडाच्या वखारीतून आठ पोती. दोन दिवस न्हाणीघरात रंगवतोय. नतालियाचे हात कोपरापर्यंत लाल. ती काही बोलत नाही. न बोलणं ती ओरेस्टकडून शिकली.

१६ मे, शनिवार. संध्याकाळ.

सकाळी गालिचा पूर्ण. लाल, हिरवा, मध्ये पिवळं कबुतर. शेजारचे लोक फोटो काढून गेले. मी दारात उभी, कौतुक करून घेत.

दहाला वारा सुटला. प्रेअरीवरचा वारा, त्याला अडवायला काहीच नाही. आधी कबुतराची शेपटी गेली. मग कबुतर. अर्ध्या तासात सगळी गल्ली लाल झाली, ओरेस्टची गाडी, पलीकडच्या बाईंची वाळत घातलेली चादर. हिरवा तेवढा राहिला, तो डबक्यात भिजून लापशी झाला होता.

आणि अशात दिओदातो आला. उद्याच्या मिरवणुकीचा रस्ता तपासायला, दरवर्षी प्रत्येक घरी जातो. बुटाच्या टोकानं तड्याजवळचा उरलेला भुसा सरकवला. पायरी. लापशी बघितली. आत पायही घातला, चुकून. मग माझ्याकडे बघून म्हणाला, इदालिनाकाकू, इथून मुकुट नेता येणार नाही. मी म्हटलं, मी पाय उचलीन, चौदाव्या पावलाला. तो म्हणाला, तुम्ही उचलाल, पण मागून दोनशे माणसं येतात, बँड येतो, ड्रमवाल्याला ड्रमपुढचं दिसत नाही. म्हणाला, राखीव म्हणून काढलेली आठवी चिठ्ठी मेंडोन्सांची आहे. मी आज रात्री त्यांना फोन करतो. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते.

मी भुशाचं रिकामं पोतं उचललं आणि त्याच्या घड्या घालत बसले. 

बोलला ओरेस्ट. कुंपणापलीकडून, गाडीवरचा लाल भुसा झाडता झाडता. म्हणाला, साहेब, माझा ड्राइव्हवे बघून घ्या. दिओदातो गेला. इकडून तिकडे चालला, टाच आपटून बघितली, गुडघा टेकून हात फिरवला. एक चीर, दुसरी चीर, काही नाही. म्हणाला, पण हे तर तुमच्या दारात जातं. ओरेस्ट म्हणाला, कुंपणाची एक फळी काढली की यांच्या दारात जातं.

मी म्हटलं, मी मागितलं नव्हतं, ओरेस्ट. तो म्हणाला, ठाऊक आहे, बाई. तुम्ही काही मागितलंत असं मला बावीस वर्षांत आठवत नाही. पण मला तो मुकुट जवळून बघायचाय आणि तुमच्याकडून बोलावणं काही येत नाही. माझ्या अंगणातून गेला तर मला घरबसल्या दिसेल.

दुपारी तो स्क्रू काढत होता. एका फळीच्या पाच काढल्या. म्हणे, बँडला जागा लागते.

१७ मे, रविवार. सगळे गेल्यावर.

मुकुट आत आहे, बैठकीत, फुलांमध्ये. आठवडाभर राहणार.

काय झालं ते लिही.

मिरवणूक साडेअकराला कोपऱ्यावर आली. सहाव्या घरच्या बाईंनी ताट माझ्या हातात दिलं. जड होतं. पातेल्याहून जड, मी पातेल्यानं सराव केला होता. दिओदातोनं कोपराला हात लावला आणि मला ओरेस्टच्या ड्राइव्हवेकडे वळवलं. माझा डावीकडे होता. सगळ्यांना दिसत होता. दोन बदकं त्यात बसली होती.

नजर कबुतरावर ठेवली. चालू लागले. कुठे चीर आली, कुठे गेली, मला कळलं नाही. मी पावलंही मोजली नाहीत. वर चढतेय की सपाट चालतेय तेही कळलं नाही. नंतर नतालिया म्हणाली, चांगला उतार आहे त्याला, आई. ताट कललं नाही. फळ्यांच्या जागेतून आत आले तेव्हा ओरेस्ट कुंपणाशी उभा होता, सूट घातलेला, टोपी हातात. या वेळी थट्टा नव्हती. त्याच्याजवळ मी थांबले. थांबायचं नसतं. पण थांबले. आमच्यात मुकुटाचं चुंबन घेतात. त्याला काय करायचं ते माहीत नव्हतं, तर मी ताट थोडं पुढे केलं आणि म्हटलं, वाक म्हाताऱ्या. तो वाकला.

दारात ग्वाल्टेरचा फोटो होता. तिथं मी रडले. रडले असंच लिही.

हेही लिही की माझ्या ड्राइव्हवेवर आज कुणीही पडलं नाही.

आता उठ. मोठ्या पातेल्यातलं सूप त्या झाकणाच्या भांड्यात काढ. खाली पावाचे जाड तुकडे, वर कोबी, गोमांस हाडाजवळचं घाल, कडेचं कोरडं नको. पुदिना वरून, झाकण लावायच्या आधी. गोड पाव एक अख्खा, कापलेला नव्हे. ओरेस्टकडे पाठव. नाही, पाठवू नकोस, तू स्वतः ने, गरम आहे तोवर. आणि जाताना फळ्यांच्या जागेतून, त्याच्या बाजूनं जा.